पाचवा बार

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या साली करंजखेड्याच्या शिवारातल्या विहिरी चैत्रातच तळाला गेल्या. रुपचंद आणि त्याचा चुलतभाऊ तोताराम यांची विहीर सामाईक होती. सकाळी घटकाभर मोट चालली की तळाचा काळा खडक उघडा पडायचा. मोट त्यावर आपटून रिकामीच वर यायची आणि बैल उतरणीवर थांबून मागे बघायचे. विहिरीखाली दोघांची मिळून तीन बिघे मिरची होती. दुपार झाली की ती माना टाकायची, पहाटेपर्यंत थोडी सावरायची. दिवसेंदिवस तिचं ते सावरणं कमी होत चाललं होतं.

खडक फुटल्याशिवाय पाणी लागणार नाही हे दोघांनाही कळत होतं. रुपचंदचा धाकटा भाऊ हिलाल चार दिवस तळाशी घण मारत होता. तळहाताचे फोड फुटून घणाच्या दांड्याला रक्त चिकटलं, पण निघालेल्या खपल्या दोन टोपल्यांत मावल्या.

मग तोताराम बाजारातून, विहिरी सुरुंगानं फोडून देणाऱ्या जीवराम मक्तेदाराला घेऊन आला. चाळिशीचा, सडसडीत, मनगटं मात्र घणाच्या दांड्यासारखी. तो विहिरीत उतरला, पहारीनं खडकावर ठोकत ठोकत फिरला, दोन ठिकाणी कान लावला आणि वर येऊन म्हणाला की हा थर कमरेएवढाच आहे, त्याखाली मुरूम आणि मुरमात पाणी. सुरुंगाची दारू त्याची, वात त्याची, भोकं पाडणारे दोन गडी त्याचे. फुटलेला दगड बाहेर काढायला माणसं घरची द्यायची. सोमवारी सुरुवात करायची, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत काम संपवायचं. सोमवारी नाही म्हणालात तर दुसरं गाव वाट बघतंय.

घरची माणसं म्हणजे हिलाल. तोतारामचा पोरगा दम्याचा होता, आणि रुपचंदचा उजवा पाय बैलानं तुडवल्यापासून वाकत नव्हता. सुरुंगाचा बार वाजला की आधी खाली उतरायचं ते हिलालनंच.

रुपचंदनं विचारलं, परवाना आहे का. जीवरामनं कमरेची पिशवी सोडून घडीचा कागद काढला, उलगडून धरला. वर सरकारी शिक्का होता, खाली इंग्रजी. रुपचंद मराठी चौथी शिकलेला. इंग्रजीतले फक्त आकडे त्याला कळत, तेही नरडाणा स्टेशनावरच्या पाट्या वाचून वाचून. त्यानं हात पुढे केला तसा जीवरामनं कागद मिटला. रुपचंदला शिक्क्याखालचे चार आकडे तेवढे दिसले. तो ते मनात म्हणत राहिला.

याआधी कुठं काम केलं, असं त्यानं विचारलं. जीवरामनं आमोदखेड्याचं नाव सांगितलं, आणखी दोन गावं सांगितली. मग रुपचंदनं विचारलं की काम करताना माणसाला काही झालं तर जोखीम कोणाची, आणि तुमच्यासाठी जामीन कोण राहील.

भोवती जमलेले चारपाच जण हसले. तोतारामचा चेहरा उतरला. पाहुण्याला आपणच आणलं होतं.

"तुले त्यानासंगे सोयरीक करनी शे का?" तो म्हणाला. "हिर खंदनी शे. जामीन कसाले?"

"मना भाऊ खाले उतरनार शे," रुपचंद म्हणाला. "मी इचारसूच."

जीवराम हसला नाही. त्यानं पिशवी कमरेला बांधली आणि सोमवारी सकाळी येतो, एवढंच बोलून तोतारामच्या घरी मुक्कामाला गेला. त्या संध्याकाळी गावात जो भेटेल तो रुपचंदला विचारू लागला की बैल घेताना तू तीनदा दात मोजतोस, आता मक्तेदाराचेही मोजणार का. हिलालही जेवताना मान वर करत नव्हता. हात धुताना म्हणाला, "भाऊ, लोक म्हनतस, मी भ्यास म्हनीसन तू इचारी राहयना." बाप गेला तेव्हा हिलाल दुडुदुडू चालत होता. त्याला रुपचंदनं पाठीवर घेऊन नांगर हाकला होता. पण हे काही त्याच्या तोंडावर बोलायचं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्याची बायको पुष्पाबाई हिनं भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून दिला, आणि तो आमोदखेड्याला निघाला. गाव तीन कोस. न वाकणारा पाय बाजूनं फेकत फेकत तो दहाच्या सुमाराला पोचला.

विहीर खरंच होती. बांधीव काठ, तळाशी दोन पुरुष पाणी, त्यावर कबुतरं. पाटलानं त्याला चहा पाजला आणि जीवरामचं तोंडभरून कौतुक केलं. असा हात तालुक्यात नाही म्हणाला. खडकाला कान लावतो आणि पाणी कुठं आहे सांगतो. रुपचंदच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. आपण उगीच पाहुण्याचा अपमान केला असंही वाटलं. तो उठला, विहिरीवर हातपाय धुवायला गेला.

तिथं एक बाई पाणी शेंदत होती. रुपचंदनं सहज विचारलं, काम चालू असताना खाली कोण उतरायचं. तिच्या हातातला दोर थांबला.

"मना घरवाला," ती म्हणाली. "चाला घर. तोच सांगी."

तिचं नाव बेबाबाई. घर गावाच्या कडेला, एका खणाचं. ओट्यावर तिचा नवरा सुपडू अंबाडीचा दोर वळत बसला होता. पायाच्या अंगठ्यात दोर अडकवलेला, हात सरासर चाललेले. पावलं ऐकून त्यानं तोंड वळवलं. तोंडभर निळे बारीक ठिपके होते, कातडीत कायमचे रुतलेले, आणि डोळ्यांच्या जागी पापण्या आत ओढल्या गेल्या होत्या.

रुपचंदला बसायचंही सुचेना. बेबाबाईनं त्याच्यासाठी घोंगडी टाकली.

सुपडूनं आधी विहीर किती खोल, खडक कसा, ते सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "चार बार भरात. तीन वाजनात. मी जीवरामले सांगं, तीनच वाजनात. तो म्हने, दोन जोडीना वाजनात, उतर. त्याले घाई व्हती. गावले घाई व्हती. माले बी व्हती."

तो खाली उतरला, टोपलीत दगड भरू लागला, आणि चौथा बार त्याच्यासमोर उडाला. जीवराम त्याला स्वतः गाडीतून धुळ्याच्या दवाखान्यापर्यंत घेऊन गेला होता. दारापाशी उतरवून ठेवलं आणि निघून गेला. पुन्हा आला नाही. गावाला पाणी लागलं होतं, त्यामुळे गावानंही पुढं विषय काढला नाही. बाहेरचं कोणी विचारायला आलं की पाटील चहा पाजतो आणि विहीर दाखवतो.

"हात वाईट नही त्याना," सुपडू म्हणाला. "दारू ओली ऱ्हास. वात मधमाच मरस, आत धुमसत ऱ्हास. पन तो थांबस नही."

निघताना बेबाबाई वेशीपर्यंत आली. आमच्या ओट्यापर्यंत विचारायला आलेले तुम्ही पहिलेच, एवढं ती बोलली.

रुपचंद घरी परतला नाही. अर्धं कळलं होतं. अर्धं त्या कागदात होतं. सोमवारला अजून दोन दिवस होते. तो तसाच नरडाण्याला गेला, स्टेशनाबाहेरच्या धर्मशाळेत पडून राहिला आणि शनिवारी सकाळच्या गाडीनं अमळनेरला उतरला.

अमळनेरच्या पेठेत रिखबचंद शेठचं दुकान होतं. लोखंड, दोरखंड, मोटेची चाकं, आणि परवान्यावर सुरुंगाची दारू. दुकानात कपाशीच्या कारखान्याची माणसं आली होती, त्यामुळे रुपचंदला पायरीवर थांबावं लागलं. दोनदा तो पुढे सरकला, दोनदा मुनिमानं हातानं मागे सारलं. ऊन पायरीवर आलं, पाय ठणकू लागला. दुपारी शेठ जेवायला उठले तेव्हा त्यांची नजर त्याच्यावर गेली.

रुपचंदनं सगळं सांगितलं आणि मनात धरून ठेवलेले चार आकडे पायरीच्या धुळीत बोटानं काढले. एक, नऊ, तीन, एक.

शेठनं वाकून बघितलं. "हे साल आहे, भाऊ," ते म्हणाले. "एकतीस साल. परवाना खरा असेल, पण सात वर्षांचा शिळा आहे. तो दरसाल नवा करून घ्यावा लागतो. आणि हा माणूस माझ्याकडून दारू नेत नाही. परवाना नसला की लोक डोंगराकडून चोरटी आणतात. ती सादळलेली असते."

रुपचंदनं विचारलं की मग चांगला मक्तेदार कसा ओळखायचा. शेठचं जेवण खोळंबलं होतं, तरी त्यांनी नीट सांगितलं. परवाना चालू सालाचा हवा, तो हातात घेऊन तालुक्याच्या कचेरीत दाखवून आणावा. स्टँपाच्या कागदावर लिहून घ्यावं की माणसाला इजा झाली तर जोखीम मक्तेदाराची. खाली दोन जामिनांच्या सह्या घ्याव्यात. धुळ्यात असं लिहून देणारा एक जण आहे, पण दिवाळीपर्यंत त्याला फुरसत नाही.

"दिवाळीपर्यंत मिरची राहायची नाही," रुपचंद म्हणाला.

शेठनं आत जाऊन धुळ्याच्या त्या माणसाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून आणला आणि त्याच्या हातात दिला.

परतीची गाडी उशिरा आली. रविवारी सकाळी नरडाण्याहून चालत तो दुपारी करंजखेड्याच्या नाल्यापाशी आला. कोरड्या नाल्यातली वाळू इतकी तापली होती की वहाणेतूनही चटका बसत होता. तो वाळूत उतरला आणि जमिनीतून धक्का आला. पाठोपाठ आवाज. मग दुसरा. मग एक लांबट, घरंगळत गेलेला. मग आणखी एक.

त्याला क्षणभर कळलंच नाही. आज रविवार होता. सोमवार ठरला होता.

मग तो पळाला. न वाकणारा पाय वाळूत रुतत होता; तो हातांनी मांडी उचलून पुढे टाकत होता. फडक्यातली उरलेली भाकरी कुठं पडली ते त्याला समजलं नाही. नाल्याच्या काठावर चढला तेव्हा विहिरीवरचा धुरळा दिसला आणि धुरळ्याभोवती माणसं.

हिलाल दोराला बांधलेल्या फळीवर एक पाय ठेवून उभा होता. कमरेला लंगोट, खांद्यावर टोपली. तोताराम बैलांच्या कासऱ्याजवळ होता.

"कोनी उतरानं नही," रुपचंद म्हणाला. त्याला धाप लागली होती. त्यानं हिलालचं मनगट धरलं आणि त्याला फळीवरून ओढलं. हिलाल धडपडला, टोपली विहिरीत गेली. ती खाली आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

तोताराम रागानं पुढं आला. तू गेलास आणि दोन दिवस तोंड दाखवलं नाहीस, तर आम्ही काय मिरचीला वाट बघ म्हणून सांगायचं, असं तो बोलत होता. रुपचंदनं त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानं जीवरामला विचारलं, "किती बार भरात?"

"पाच."

"वाजनात किती?"

जीवराम म्हणाला, पाच. हिलाल म्हणाला, पाच असतील. एक गडी म्हणाला चार, आणि जीवरामकडे बघून गप्प झाला. तोताराम म्हणाला, बायकांसारखं काय मोजत बसायचं.

"मी नालाम्हा चार ऐकात," रुपचंद म्हणाला.

"तिसरा लांबना तो जोडीना व्हता," जीवराम म्हणाला. त्याच्या तोंडावर धुरळा बसला होता आणि त्यातून घामाच्या रेघा उतरत होत्या. लोकांसमोर आपल्या कामावर बोट ठेवलेलं त्याला सहन होत नव्हतं. त्यानं डोक्याचं फडकं काढून कमरेला आवळलं. "तुना भाऊ ऱ्हावू दे. मी उतरस. मंग ते खरं?"

तो फळीवर चढला. तोतारामनं बैलांना हात लावला. हिलाल सुटला होता. रुपचंदला आता गप्प बसता आलं असतं. तो आडवा आला आणि त्यानं दोर दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"तू बी नही," तो म्हणाला. "मी परवदिन सुपडूना वट्टावर बठेल व्हतू."

जीवरामचा पाय फळीवरून हळूच जमिनीवर आला. जमलेल्यांना सुपडू कोण ते माहीत नव्हतं, आणि रुपचंदनं त्या वेळी सांगितलंही नाही. जीवराम विहिरीपासून दहा पावलं लांब जाऊन बाभळीखाली बसला.

मग तिथूनच म्हणाला, "पाणी वता. चांगलं भिजू द्या. सकायलोंग कोनी जावानं नही."

विहिरीत पाणी नव्हतं. नदीवरून आणलेलं पाणी घराघरांत जपून ठेवलेलं होतं. पुष्पाबाईनं आधी स्वतःच्या घरातले दोन्ही हंडे आणून काठावरून ओतले. पाणी खडकावर पडून चरचरलं. तोतारामची बायको तिच्याकडे बघत उभी राहिली, मग तीही घरी गेली आणि हंडा घेऊन आली. संध्याकाळपर्यंत बायका नदीवर खेपा घालत होत्या. प्यायचं पाणी विहिरीत ओतणाऱ्या रुपचंदच्या नावानं कोण काय बोलत होतं ते त्याला ऐकू येत होतं. तो काठावरून हलला नाही. आपण चुकलो असू, ही भीती त्याला होतीच. नाल्यात कानांत वारा होता, धाप होती. चार की पाच, हे त्यानं जितक्या वेळा आठवलं तितकं ते पुसट होत गेलं.

सोमवारी सकाळी जीवराम एकटा उतरला. वर सगळा गाव. खालून पहारीचा आवाज नाही, बोलणं नाही. मग दोर हलला, बैलांनी ओढलं. जीवराम वर आला तेव्हा त्याची उजवी मूठ मिटलेली होती. त्यानं ती रुपचंदसमोर उघडली. काळा ओला लगदा होता आणि त्यात वातीचा न जळलेला, वीतभर तुकडा.

हिलाल पुढं आला, त्यानं तो तुकडा उचलून बघितला आणि पुन्हा जीवरामच्या हातावर ठेवला. मग तो बैलांच्या पलीकडे जाऊन खाली बसला, पाय दुमडून, थंडीत बसावं तसा.

रुपचंदनं जीवरामला अमळनेरच्या शेठनं सांगितलेलं सगळं सांगितलं. चालू सालाचा परवाना काढ, स्टँपाच्या कागदावर लिहून दे, जामीन आण. हात तुझा चांगला आहे, तुलाच काम देऊ. जीवरामनं ऐकून घेतलं. पहारी, घण आणि भोकं पाडायच्या छिन्न्या पोत्यात भरल्या, गड्यांच्या डोक्यावर दिल्या, आणि दुपारच्या आत गाव सोडून गेला.

त्या उन्हाळ्यात मिरची गेली. हिलालनं कावडीनं पाणी आणून दोन ओळी जगवल्या, बाकीची उभ्या जागी वाळली. आखाजीला लेकी माहेरी आल्या, निंबाला झोके बांधले गेले. तोतारामच्या घरून या वर्षी पुरणपोळीचं ताट आलं नाही. पुष्पाबाईनं पाठवलं ते झाकलेलंच परत आलं. हिलाल जिवंत आहे हे सगळे बघत होते. पण ज्याला काहीच झालं नाही अशा माणसाकडे बघून कोणी किती दिवस समाधान मानणार. वाळलेली मिरची मात्र रोज दिसत होती.

आखाजी होऊन आठ दिवस झाले असतील. बाजारात चोपड्याकडचा एक केळीवाला सांगत होता की सातपुड्याच्या पायथ्याशी कौतिक आबाच्या विहिरीवर जीवराम नावाचा मक्तेदार लागलाय, खडकाला कान लावून पाणी सांगतो.

रुपचंदनं ते घरी येऊन पुष्पाबाईला सांगितलं. दोन दिवस त्याचं खाण्यावर लक्ष नव्हतं. बैलांपुढं वैरण टाकायचा आणि टाकलेली पुन्हा उचलून टाकायचा. तिसऱ्या दिवशी पहाटे तो वहाणांना तेल लावत बसलेला पुष्पाबाईनं पाहिला.

"ती काय आपली हिर शे?" ती म्हणाली. "एक गाव वैरी व्हयनं. आते दुसरं कसाले?"

"आमोदखेडाथून आपलाकडे कोनी उनं व्हतं का सांगाले?"

ती चुलीकडे गेली आणि तिनं पीठ मळायला घेतलं.

तापी नावेनं ओलांडून, चोपड्यात एक मुक्काम करून तो दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं पोचला. केळीची बाग, बागेच्या टोकाला विहीर, काठावर फुटलेल्या दगडांचा ढीग. काठाशी एक म्हातारा बाजेवर बसला होता. ते कौतिक आबा. खालून घणाचे आवाज येत होते. आबाचे दोन्ही मुलगे तळाशी होते. जीवराम चाकापाशी वाती कापत होता. त्यानं मान वर केली, रुपचंदला बघितलं, आणि त्याच्या हातातला विळा थांबला.

आबानं पाहुण्याला कुठून आलात, कोणाकडे आलात ते विचारलं. रुपचंदनं उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. आमोदखेडं, सुपडू, करंजखेडं, न उडालेला बार, परवान्याचं साल. आपण हे परक्या माणसाच्या शेतात, परक्या माणसाच्या पोटावर पाय देऊन बोलतो आहोत हे त्याला कळत होतं. बोलणं संपल्यावर आबांनी डोळे बारीक करून त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुले कोनी धाडं?"

"कोनी नही."

"मंग तुना काय फायदा?"

आपण वैरातून आलो आहोत असं आबांना वाटत असेल, वाटायलाच हवं, असं रुपचंदच्या मनात आलं. पायातून कळ निघत होती. आता मागे फिरावं लागणार.

आबा जीवरामकडे वळले. "हाई खरं शे का?"

खाली घण चालू होते. जीवरामनं विळा बाजूला ठेवला, कापलेल्या वाती गोळा केल्या, त्यांची जुडी केली. नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. आमोदखेडं नदीपलीकडे होतं आणि रुपचंदजवळ कोणताही कागद नव्हता.

"खरं शे, आबा," तो म्हणाला. "पोरेसले वर बलाई ल्या."

म्हातारा बाजेवरून उठला, काठावर गुडघे टेकून वाकला, आणि त्यानं आपल्या दोन्ही मुलांना नावानं हाक मारली. घण थांबले. वर येणारा दोर ताणला गेला तसा जीवराम उठला आणि रुपचंदच्या शेजारी उभा राहून त्यानं तो ओढायला हात लावला.